बाकी भेटीअंती

आत्या मोबाइल डाव्याच कानाला लावते. त्या कानाने तिला आता धड ऐकू येत नाही, उजवा ठणठणीत आहे, तरी हात डावीकडेच जातो. सवय. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत हेडसेटला एकच कान असायचा आणि तो डाव्यावर बसायचा. उजवा सुपरवायझर बाईंच्या हाकेसाठी मोकळा ठेवायचा.

१९६९ साली ती आमच्या तालुक्याच्या गावी टेलिफोन ऑपरेटर म्हणून लागली. पोस्टाच्या मागे दोन खोल्या. एकीत बॅटऱ्या, दुसरीत बोर्ड. गावात फोन असतील शंभरेक. कचेरी, सरकारी दवाखाना, बँक, अडते, दोन डॉक्टर, एक वकील, कारखान्याचे चेअरमन. त्यांच्याकडे कोणी हँडल फिरवलं की इथे बोर्डावर त्या नंबरची बारकी झडप खटकन पडायची. आत्या कॉर्ड खोचायची, ‘नंबर प्लीज’ म्हणायची, दुसरी कॉर्ड दुसऱ्या भोकात घालून पलीकडे घंटी द्यायची, आणि तिकडून ‘हॅलो’ आलं की बाजूला व्हायची. बाजूला व्हायचं म्हणजे उठून जायचं नाही. समोरची एक की मधल्या जागी आणायची, झालं. ऐकणं आणि न ऐकणं यांच्यात बोटाच्या पेराएवढं अंतर होतं.

पण पूर्ण बाजूला होता यायचंच नाही. बोलणं संपलं की लोकांनी हँडल फिरवून कळवायचं असे, निम्मे लोक विसरत. मग कॉर्ड काढायची की नाही हे ठरवायला मध्येच की उघडून कानोसा घ्यावा लागे. ट्रंक कॉल असला तर दर तीन मिनिटांनी ‘तीन मिनिटं झाली, वाढवायचा का?’ असं मध्ये तोंड घालणं हे तर तिचं कामच. लाइन खराब असली की ती दोन्हीकडचं ऐकून मधूनच ओरडायची, “ते म्हणतायत, गुरुवारी निघतोय! गुरुवारी!” सोयरिकी, कर्जं, भांडणं, कारखान्याचं राजकारण, कोणाची तब्येत, कोणाचं पळून जाणं, तालुक्याची अशी बरीच कुंडली त्या डाव्या कानातून गेली.

एक प्रसंग तिने मला सांगितला आहे, नावगाव गाळून. दिवाळीच्या आधीचा आठवडा. दुपारी साडेचारच्या सुमारास मुंबईहून अर्जंट कॉल आला, एका अडत्याच्या नावाने, त्यांच्याशीच बोलायचं, दुसऱ्या कोणाशी नको. पलीकडचा माणूस रडत होता आणि रडता रडता ऑपरेटरलाच सगळं सांगून बसला. अडत्यांचा मुंबईत शिकणारा मुलगा गेला होता. अडते बाजारात गेलेले, सहाच्या आत यायचे नाहीत. मग पाचच्या सुमारास त्यांच्याच घरची झडप पडली. मुलाची आई. आत्या त्यांच्याकडे हळदीकुंकवाला जायची.

“त्यांना शिंप्याचा नंबर हवा होता. पोराचा सदरा झाला का विचारायला.”

“मग?”

“मग काय. दिला जोडून.”

“अगं पण तू सांगितलं का नाहीस?”

“माझं नव्हतं ते सांगायला,” आत्या म्हणाली, आणि भाजीच्या देठांकडे वळली. बऱ्याच वेळाने, मी तो विषय सोडून दिल्यावर, म्हणाली, “शिंपी म्हणाला, झालाय, फक्त काजं राहिलीत. तेवढं ऐकलं मी.”

मी पोटापाण्यासाठी न्यायालयांच्या निकालपत्रांचे मराठी अनुवाद करते. त्यामुळे आत्याच्या या वागण्यामागचं कलम मला नंतर सापडलं. १८८५ चा भारतीय तार कायदा, कलम २६. तार किंवा टेलिफोन खात्यातल्या माणसाने आपल्या हातून गेलेल्या संदेशातला मजकूर कर्तव्याबाहेर जाऊन कोणाला सांगितला तर तीन वर्षांपर्यंत कैद. आत्याला कलमाचा आकडा ठाऊक नव्हता, ‘आत टाकतात’ एवढं ठाऊक होतं. गंमत म्हणजे कलम ५ त्याच कायद्यात, चार पानं अलीकडे. त्याचं दुसरं उपकलम सरकारला सांगायचं की सार्वजनिक आणीबाणी असेल किंवा सार्वजनिक सुरक्षेसाठी गरज असेल तर तुम्ही कोणाचाही संदेश मध्येच अडवू शकता, थांबवू शकता, उघडून बघू शकता. म्हणजे बोर्डावर बसलेल्या बाईने ऐकलेलं बोललं तर तुरुंग, आणि बोर्डाच्या मालकाने ऐकायचं ठरवलं तर कागदावर एक सही. कायदा इंग्रजांनी केला तेव्हा त्यांना १८५७ विसरून तीस वर्षंही झाली नव्हती, त्यांचं समजू शकतं. आपण तो पुढे किती वर्षं वापरला ते येईलच.

आजोबांची पत्रं घरात जपून ठेवलेली आहेत, बहुतेक पोस्टकार्डंच. खुशाली, पाऊस, बैलाचं दुखणं, उसाचा हप्ता. आणि जिथे खरी गोष्ट सुरू व्हायला हवी तिथे ठरलेलं वाक्य, ‘बाकी भेटीअंती’. लहानपणी मला वाटायचं, कार्डावरची जागा संपली म्हणून लिहितात. जागा कधीच संपलेली नसायची. पोस्टमन वाचणार, शेजारचा वाचणार, ज्याच्या हाती पहिल्यांदा पडेल तो मोठ्याने वाचून दाखवणार, हे धरूनच ते लिहीत. जुन्या दफ्तरांतली पत्रं ‘बहुत काय लिहिणे, सुज्ञ असा’ म्हणून संपतात, त्यातही मला आता थोडं हेच ऐकू येतं. उरलेलं तुम्ही समजून घ्या, कागदावर नको. करपल्लवी, नेत्रपल्लवी असे शब्द ज्या भाषेत आहेत, बोटांनी आणि डोळ्यांनी बोलण्याला जिने वेगवेगळी नावं दिली, तिला मध्ये कोणीतरी ऐकतंय याची सवय जुनी असणार.

मराठीतलं सगळ्यांत प्रसिद्ध पत्र तर दुसऱ्याचं फोडलेलं पत्र आहे. शाळेत आपण ते सांकेतिक पत्र म्हणून शिकलो, फोडलेलं म्हणून नाही. जानेवारी १७६१. भाऊसाहेबांची खबर नाही म्हणून नानासाहेब पेशवे फौज घेऊन उत्तरेकडे निघालेले. वाटेत सावकारांचा एक कासीद हाती लागला. पत्र पेशव्यांच्या नावाचं नव्हतं, एका पेढीने दुसऱ्या पेढीला धाडलेलं होतं, अगदी खासगी, धंद्याचं. ते उघडलं गेलं. दोन मोती गळाली, सत्तावीस मोहरा हरवल्या, रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. शब्दांचे पाठभेद आहेत, अर्थ एकच. दोन मोत्यांपैकी एक नानासाहेबांचा मुलगा विश्वासराव, दुसरा चुलतभाऊ सदाशिवराव.

मला यात नेहमी त्या सावकाराचं कौतुक वाटतं. बातमी त्याला पोचवायची होती कारण हुंड्यांचे भाव बसणार होते, आणि ती मध्ये कोणी उघडणार हे त्याने गृहीत धरलं होतं. म्हणून माणसांची नाणी केली. पेशव्यांच्या जासुदांच्या आधी सावकारांची डाक धावली, आणि राज्याच्या मालकाला पोटच्या मुलाचं मरण दुसऱ्याच्या जमाखर्चाच्या भाषेत वाचावं लागलं. त्याच वर्षी जूनमध्ये नानासाहेब पर्वतीवर वारले. फोडलेल्या पत्राने काही बदललं नाही. पानिपत होऊन गेलंच होतं.

सांकेतिक लिहिण्याची हीच तऱ्हा दीडशे वर्षांनी फ्रान्समध्ये दिसते. पहिल्या महायुद्धात १९१४ च्या सप्टेंबरअखेर हिंदी फौज मार्सेलला उतरली, आणि थोड्याच दिवसांत शिपायांची पत्रं तपासायला सरकारने एक कचेरी उघडली. तिचे प्रमुख कॅप्टन हॉवेल. हाताखाली भाषा जाणणारी माणसं, टेबलावर उर्दू, गुरुमुखी, हिंदी अशी निरनिराळ्या लिप्यांतली पत्रं. निवडक उतारे इंग्रजीत करून अहवाल वर जायचा. शिपायांना हे लवकरच कळलं. मग घरी पत्रं जाऊ लागली मसाल्याची. हिंदुस्थानातून आलेली काळी मिरी संपत आली, आता लाल मिरची वापरतात. काळी मिरी जास्त झणझणीत, लाल तेवढी तिखट नाही. काळी मिरी म्हणजे आपले लोक, लाल मिरची म्हणजे गोरे. हे कोडं हॉवेलच्या माणसांना किती वेळात सुटलं असेल? माझ्या आईला वाफ दवडायचीही गरज पडली नसती.

मराठा पलटणींतली बहुतेक माणसं फ्रान्सला नव्हे, मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये गेली, त्यांतली बरीच तिथल्या कूतच्या वेढ्यात सापडली. साताऱ्याच्या गावागावांत त्यांच्या नावाच्या पाट्या आहेत. ती काय लिहीत असतील हे शोधायला मी एकदा बराच वेळ घातला, हाती फारसं लागलं नाही. आणि इथे मला स्वतःचीच लाज वाटावी अशी गोष्ट कळली. फ्रान्समधल्या शिपायांचं मन आज आपल्याला थोडंफार ठाऊक आहे ते केवळ त्यांची पत्रं फोडली गेली म्हणून. मूळ कागद बहुतांशी गेले, तपासनिसांनी केलेले उतारे लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत राहिले. म्हणजे ज्याने चोरून वाचलं त्याच्याच खांद्यावरून वाकून मी वाचत होते, आणि साताऱ्याच्या माणसांची पत्रं कोणी फोडून जपली असती तर बरं झालं असतं असं मनात म्हणत होते.

असो. कायद्याकडे येते, कारण तिथे माझा रोजचा संबंध आहे.

स्वतंत्र भारतात कलम ५ तसंच चालू राहिलं. मोठे आवाज मधूनमधून झाले. १९८६ मध्ये संसदेने टपाल कायद्यात दुरुस्ती करून पत्रं अडवण्याचे सरकारचे अधिकार वाढवणारं विधेयक मंजूर केलं, तेव्हा राष्ट्रपती झैलसिंग यांनी ना सही केली ना ते परत पाठवलं, नुसतं ठेवून दिलं. १९८८ मध्ये फोन टॅपिंगच्या प्रकरणावरून कर्नाटकचे मुख्यमंत्री रामकृष्ण हेगडे पायउतार झाले. १९९१ मध्ये राजकारण्यांच्या फोनवर कान ठेवल्याचा सीबीआयचा अहवाल बाहेर आला, आणि त्यावरून पीयूसीएल ही नागरी हक्कांची संस्था सर्वोच्च न्यायालयात गेली. निकाल लागला १८ डिसेंबर १९९६ ला. न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांनी म्हटलं की घरात बसून फोनवर बोलणं हा माणसाच्या खासगी आयुष्याचा भाग आहे, ते ऐकायचं तर कायद्याने ठरवलेल्या रीतीनेच. पण आधी न्यायाधीशाची परवानगी घ्या, ही मागणी मान्य झाली नाही. आदेश गृहसचिवांनी द्यायचा, आणि तो बरोबर होता का ते सचिवांच्याच समितीने तपासायचं. तार नियमांतला नियम ४१९-अ २००७ मध्ये त्याच साच्यात पक्का झाला. एक आदेश ६० दिवस, वाढवत वाढवत १८० पर्यंत. ज्याचा फोन ऐकला त्याला कळवायचं, असं कुठेही नाही.

मी हे सगळं शांतपणे मराठीत आणत होते, तेव्हा एका आकड्यावर अडले. २०१३ मध्ये माहिती अधिकारात केंद्रीय गृह मंत्रालयाने सांगितलं होतं की केंद्राकडून महिन्याला सरासरी ७,५०० ते ९,००० टेलिफोन ऐकण्याचे आदेश निघतात. फक्त केंद्राकडून. समिती दोन महिन्यांतून एकदा बसते. मुंबई उच्च न्यायालयातून पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलेले न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या डेटा संरक्षणावरच्या समितीने २०१८ च्या अहवालात हा गुणाकार करून दाखवला, एका बैठकीत १५,००० ते १८,००० आदेश. मी भागाकार केला. समजा तिन्ही सचिव जेवायला न उठता आठ तास बसले. २८,८०० सेकंद. एका आदेशाला दोन सेकंदही येत नाहीत. आत्याच्या बोर्डावर झडप पडल्यापासून कॉर्ड खोचेपर्यंत याहून जास्त वेळ जायचा.

दोन सेकंदांत काय तपासलं जाईल? नावसुद्धा वाचून होणार नाही. नावावरून आठवलं, आपल्याच विधानसभेत २०२१ मध्ये नाना पटोले यांनी सांगितलं की त्यांचा फोन ऐकला गेला तेव्हा कागदोपत्री नाव ‘अमजद खान’ असं होतं. पुढे चौकशी झाली, गुन्हे दाखल झाले, आणि २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते रद्दही केले. त्या वादात मला पडायचं नाही. मला फक्त सही करणाऱ्याच्या टेबलाची कल्पना करावीशी वाटते. समोर नंबर, नंबरापुढे नाव, आणि हा नंबर त्या नावाचाच आहे हे कोण बघणार?

एकच प्रकरण मी पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत रस घेऊन वाचलं. मुंबईतला एक व्यावसायिक, लाचेचा आरोप, सीबीआयने २००९-१० मध्ये त्याचे फोन ऐकण्याचे तीन आदेश मिळवले. २२ ऑक्टोबर २०१९ ला मुंबई उच्च न्यायालयाने तिन्ही रद्द केले. सार्वजनिक आणीबाणी कुठे होती, सार्वजनिक सुरक्षेला धोका कुठे होता, असं विचारलं, आणि ध्वनिमुद्रणं नष्ट करायला सांगितलं. त्याआधी २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमुखाने खासगीपण हा मूलभूत हक्क ठरवला होता, त्याचा इथे आधार होता. आदेश २००९ चा, न्याय २०१९ चा. आणि तोही मिळाला कारण खटला उभा राहिला, आरोपपत्रात ध्वनिमुद्रण आलं. ज्यांचं ऐकून काहीच सापडलं नाही, त्यांना ऐकलं गेल्याचं कधीच कळणार नाही. निर्दोष माणसाकडे तक्रार करायलाही काही नसतं.

इथे एक जुना मुंबईचाच निकाल आडवा येतो. १९६४ मध्ये मुंबईच्या कॉरोनरवर, म्हणजे संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यावर, लाच मागितल्याचा आरोप झाला. एका डॉक्टरच्या संमतीने पोलिसांनी त्याच्या फोनला टेपरेकॉर्डर जोडला आणि बोलणं टिपलं. १९७२ मध्ये आर. एम. मलकानी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते ध्वनिमुद्रण पुरावा म्हणून चालवून घेतलं, पुरावा गैरमार्गाने मिळाला तरी तेवढ्याने तो बाद होत नाही असंही सांगितलं. अजून त्याचा दाखला दिला जातो. मला ते पटत नाही, पण कॉरोनरच लाच मागत असेल तर दुसरं काय करायचं होतं, याचं उत्तरही माझ्याकडे नाही.

१४ जुलै २०१३ ला देशातली शेवटची तार घेतली गेली. लोक रांगा लावून आठवण म्हणून तारा करत होते, पेपरांनी हळवे लेख छापले. तार कायदा मात्र राहिला. तार नाही, तारघर नाही, तारवाला नाही, आणि सगळ्यांच्या खिशातले मोबाइल १८८५ च्या कलमाखाली. शेवटी २०२३ मध्ये नवा दूरसंचार कायदा झाला, डिसेंबर २०२४ मध्ये त्याखाली संदेश अडवण्याचे नियम आले. मी उत्सुकतेने उघडले. सचिव, सचिवांची समिती, ६० दिवस, १८० दिवस. घराला रंग दिलाय, भिंती त्याच.

आत्याला मी एकदा व्हॉट्सॲपच्या कुलपाबद्दल समजावलं. २०१६ पासून संदेश दोन टोकांनाच उघडतो, मध्ये कंपनीलाही वाचता येत नाही. ती म्हणाली, “म्हणजे मध्ये कोणी बसलेलंच नाही?” तिला ते विचित्र वाटलं, जरा वाईटही वाटलं असावं. मी म्हटलं, मध्ये नाही, पण हल्ली टोकालाच बसतात, हँडसेटच्या आत. पेगॅसस नावाचं हेरगिरीचं सॉफ्टवेअर असंच काम करतं, तुम्हाला काही दाबावं लागत नाही. “फोनमध्येच?” तिने मोबाइल उलटा करून ठेवला, जसं आपण रात्री आरशावर कापड टाकतो.

पण खरं सांगायचं तर मला त्या दूरच्या कानाची भीती कमी वाटते. घरातला जास्त छळतो. २०१८ मध्ये ठाणे पोलिसांनी लोकांचे सीडीआर, म्हणजे कोणी कोणाला कधी किती वेळ फोन केला त्याच्या याद्या, खासगी गुप्तहेरांना विकणारं जाळं पकडलं. नवराबायकोंच्या संशयाला या धंद्यात मोठं गिऱ्हाईक असतं. आणि जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की जोडीदाराचं चोरून टिपलेलं फोनवरचं बोलणं घटस्फोटाच्या खटल्यात पुरावा म्हणून चालेल. नवराबायको एकमेकांवर पाळत ठेवू लागले म्हणजे संसार आधीच मोडला आहे, असं न्यायालयाचं म्हणणं. मोडला असेलही. पण आता ज्यांचा मोडलेला नाही तेही रेकॉर्डरकडे बघणार.

हे मी कोणत्या तोंडाने लिहितेय ते सांगायला हवं. मागच्या दिवाळीला मुलगा होस्टेलवरून आला होता. जाताना माझ्या लॅपटॉपवर त्याचं व्हॉट्सॲप वेब उघडंच राहिलं. मी बंद करायला गेले आणि बंद केलं नाही. अकरा मिनिटं वाचलं. घड्याळ समोरच होतं म्हणून आकडा माहीत आहे. दोन विषय राहिल्याचं त्याने मित्राला लिहिलं होतं, आणि खाली, ‘घरी आत्ता नको सांगायला, आजोबा नुकतेच गेलेत, आई नीट झोपत नाहीये.’

मग दोन महिने मी दर रविवारी त्याला फोनवर विचारत राहिले, “अभ्यास कसा चाललाय?” अगदी नेहमीच्या आवाजात. तो “चाललाय” म्हणायचा, अगदी नेहमीच्या आवाजात. आत्याने शिंप्याचा नंबर जोडून दिला होता तो आवाज मला तेव्हा कळला असं वाटलं. मग लक्षात आलं, तिचा कान त्या कामावर नेमलेला होता. माझा नव्हता.

बाबा त्याच वर्षी श्रावणात गेले होते. त्यांचं कपाट आवरताना १९७१ ची एक डायरी निघाली. बाबा हायस्कूलला मास्तर, डायरीत सगळा हिशेबच. किराणा, दूध, सायकलचं पंक्चर, आजोबांना मनिऑर्डर. जुलैपासून पुढे दर गुरुवारी एक ओळ, ‘ट्रंक – नागपूर’. गुरुवार म्हणजे बाजाराचा दिवस, शाळेला अर्धी सुटी. पुढच्या फेब्रुवारीपर्यंतच्या नोंदी मागच्या कोऱ्या पानांवर चालू, मग एकदम बंद. त्यांचं लग्न १९७३ मधलं. आईचं माहेर कराडचं. नागपुरात आमचं कोणीही नाही, नव्हतं.

नाव नाही, मजकूर नाही. कधी, कुठे, किती. माझ्या हातात बाबांचा सीडीआर होता. मग मी तेच केलं जे अशा याद्या हातात आल्यावर कोणीही करतो. रक्कम पाहिली. दर वेळी तीच होती, पैशाचाही फरक नाही. तीन मिनिटांची. सात-आठ महिन्यांत एकदाही कॉल वाढवलेला नाही. मी निष्कर्ष काढून टाकला की कामाचंच असणार, परीक्षा बोर्डाचं काहीतरी, बदलीची खटपट. ज्याला बोलायचं असतं तो माणूस एकदा तरी चौथ्या मिनिटात जातो.

तरी राहवेना. बोर्डावर तेव्हा कोण होतं हे मला माहीत होतं.

डायरी घेऊन मी आत्याकडे गेले. तिने चष्मा लावून पान बघितलं, बोटाने ओळ खाली खाली नेली. चहा ठेवला होता, तो उतू जाईपर्यंत ती काही बोलली नाही. मी विचारलं, “कोण होतं गं नागपूरला?”

“मला काय माहीत.”

“आत्या.”

“तुझे बाबा गेले, पण ते माणूस असेल अजून कुठेतरी.” तिने डायरी मिटून माझ्याकडे सरकवली. “आणि हा काय प्रश्न झाला? मी ऑपरेटर होते.”

मी ओशाळून म्हटलं, नाही, तसं विशेष काही नसणारच, दर वेळी तीनच मिनिटं तर बोललेत.

आत्या हसली. डाव्या कानामागे हात नेऊन तिने उगाच केस सारखे केले. “तीन मिनिटं,” म्हणाली. “दादाच्या कॉलला मी तीन मिनिटं झाली असं कधी म्हटलंच नाही. तिकिटावर तीन लिहायचे.”

मग सांडलेला चहा पुसायला फडकं शोधू लागली.